बाबांनी बाद दिलं

माणूस गेला की तो एकदम सगळ्यांचा लाडका होतो. आमचे बाबा गेले तेव्हा वाडीच्या नाक्यावर एवढा मोठा बॅनर लागला की आईने विचारलं, "ह्यो कोण?" फोटोत त्यांना कोट चढवला होता. जन्मात त्यांनी कोट घातला नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा. खाली लिहिलं होतं, 'कबड्डीतला देवमाणूस'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच देवमाणसाच्या शेतात एका वर्षी लावणीला वाडीतलं चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

बाबा कबड्डीचे पंच. धामापूरपासून कुणकेश्वरपर्यंत कुठेही सामने असले की त्यांना बोलावणं यायचं आणि ते काजूची बाग सोडून स्कूटरला किक मारायचे. मैदानात त्यांच्या शिट्टीपुढे भलेभले गप्प. घरात मात्र त्यांची डाळ शिजायची नाही. आई म्हणायची, "ती शिट्टी ठेवा थंय आणि नारळ खवा." ते मुकाट खवणीवर बसायचे. माझ्या वेण्या दहावीपर्यंत त्यांनीच घातल्या, आणि भांग आईपेक्षा सरळ पाडायचे. सामना संपल्यावर कोणी जेवायला थांबवलं तर म्हणायचे, "नको, घराकडे वाट बघतत."

मग ती फायनल आली. मैदान आमच्याच वाडीचं, एक संघ आमचा आणि त्यातला मुख्य चढाईपटू माझा भाऊ. बाबा पंच म्हणून उभे राहायला तयार नव्हते. पण ठरलेले पंच ऐनवेळी आजारी पडले आणि वाडीच्या मंडळाच्या अध्यक्षांनीच हातापाया पडून त्यांना उभं केलं.

गुण सारखे, शेवटची चढाई. भावाने लाथ मारून कोपऱ्यातल्याला टिपलं आणि परत आला. वाडी नाचायला लागली. तेवढ्यात बाबांनी शिट्टी मारली आणि भावालाच बाद दिलं. स्पर्श होण्याआधी त्याचा पाय बाजूच्या पट्टीत पडला होता, आणि स्पर्शाआधी तिथे पाय पडला की चढाई करणारा बाद. हा नियम वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता, पण त्या दिवशी सगळेच विसरले. ढाल पलीकडच्या गावाला गेली.

संध्याकाळी बाबा ओटीवर बसून भावाचा मुरगळलेला पाय मांडीवर घेऊन खोबरेल चोळत होते. मी भडकून विचारलं, "तुमका खात्री होती?"

"माझोच झील, म्हणान डोळे फाडून बघलंय," ते म्हणाले.

पाय आत होता की बाहेर, हे भावाने तेव्हा सांगितलं नाही आणि पुढेही कधी नाही. बाबांनीही विचारलं नाही. पंच खेळाडूला विचारत नसतो.

आमच्याकडे लावणीला एकमेकांच्या शेतात जायची रीत आहे. त्या वर्षी आम्ही सगळ्यांकडे गेलो, आमच्याकडे कोणी आलं नाही. चौघांनीच लावणी उरकली. कंबर मोडली. बाबा चिखलात वाकून भाताचा तरवा लावत म्हणायचे, "येळ लागात, पण होतला." नंतर वाडीचा राग विरला, पण 'ह्यांनी ढाल घालवली' हे पालुपद कधी गेलं नाही.

आता त्याच मंडळाने बाबांच्या नावाने स्पर्धा ठेवली. आदल्या दिवशी अध्यक्ष घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "उद्या गाऱ्हाण्यात इतक्याच येतला, की तेंच्याकडसून त्या फायनलीक चूक झाली, ती देवान पदरात घेवची. तुमी घरच्यांनी फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणा. विषय संपलो."

"मगे स्पर्धेक तुमचाच नाव द्या," मी म्हटलं.

ते हसले. भाऊ उठून आत गेला. मला अध्यक्षांपेक्षा त्याचा राग जास्त आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. त्याने 'व्हय' म्हटलं असतं तर बाबा कायमचे चुकीचे ठरले असते.

गाऱ्हाणं म्हणजे साधी प्रार्थना नव्हे. मानकरी नारळ हातात धरून देवाला एकेक गोष्ट सांगतो, जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि म्हटलं की ती गोष्ट ठरते. दुसऱ्या दिवशी मैदानावर ते वाक्य आलंच: "आमच्या पंचाकडसून जी चूक झाली, ती पदरात घे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!" मी ओरडले.

माना वळल्या. अध्यक्षांनी डोळे वटारले. मानकरी म्हणाले, "गाऱ्हाण्यात नाय म्हणूचा नसता गो बाय."

"आज म्हणतंय." मी शब्द मागे घेणार नव्हते.

भाऊ मैदानाच्या रेषा आखत होता. तो तसाच पुढे आला, हात चुन्याने पांढरे. मानकऱ्यांनी त्यालाच विचारलं, "तू सांग रे. पाय तुझो होतो."

"भायर होतो," तो म्हणाला. "माका तेव्हाच कळला होता." मग मान खाली घालून म्हणाला, "बाबांका सांगूचा रवला."

मानकऱ्यांनी नारळ पुन्हा वर धरला. "तेंचो निकाल खरो होतो, ह्या आमी सगळ्यांदेखत मानतो रे म्हाराजा!"

पहिला आवाज आईचा आला. मग सगळ्या मैदानाचा. अध्यक्षांनाही म्हणावंच लागलं. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत उभी होते.