केबलच्या झाकणातली चिठ्ठी

पुण्याहून हैदराबादला नोकरीला आले तेव्हा माझ्याजवळ डिप्लोमा, राउटरच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि भलताच ताठा होता. नव्या कंपन्या धडाधड उघडत होत्या आणि प्रत्येकीला आपली ऑफिसं एकमेकांशी जोडून हवी होती. नारायणगुड्यातली आमची छोटी कंपनी तेच करायची. राउटर परदेशातून यायचा, पण तो मोडेमला जोडणारी सिरियल केबल मागवली तर महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. म्हणून केबल आम्ही ऑफिसातच बनवायचो.

आम्ही म्हणजे आमचे वायरमन काका. वय पन्नाशीचं, घराणं मूळचं नांदेडकडचं शेतकरी, पण दोन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मी आल्याचा आनंद सगळ्यात जास्त त्यांना झाला होता. ते आठ वर्षं रोजंदारीवर होते आणि त्या महिन्यात त्यांना कायम करायचं ठरलं होतं. "ऑर्डर हाती आली की घरी पुरणपोळी, ताई. तुम्ही यायचंच," असं ते रोज बजावायचे.

त्यांची एक पद्धत होती. कोणती तार कोणत्या पिनेला, याची यादी इंजिनिअरने कागदावर लिहून द्यायची. काका त्याबरहुकूम तारांना कथलाचे डाग द्यायचे आणि शेवटी तोच कागद बारीक घडी करून कनेक्टरच्या झाकणात ठेवून स्क्रू आवळायचे. पुढे केबल बिघडली तर आत काय जोडलंय ते उघडताच कळावं म्हणून. मला तो सगळा खुळचटपणा वाटायचा.

हिमायतनगरच्या एका बियाणे कंपनीच्या केबलची यादी मी ट्रेनिंगच्या वहीतून जशीच्या तशी उतरवली. ट्रेनिंगमध्ये आम्ही दोन राउटर थेट एकमेकांना जोडले होते. तिथे एकाची पाठवणारी तार दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनेला लावावी लागते, म्हणजे उलटी. मध्ये मोडेम असला की तारा सरळ लागतात. एवढा विचार करायची तसदी मी घेतली नाही.

काकांनी यादी दोनदा वाचली. "ताई, ही मोडेमलाच लावायची नं? मंग तारा उलट्या काहून? आपण तर सरळ लावतो."

"लिहिलंय तसं करा काका. यातलं तुम्हाला कळायचं नाही."

"हौ," म्हणाले आणि कामाला बसले.

दुसऱ्या दिवशी हिमायतनगरला लाइन चालू होईना. सकाळभर मी राउटरशी झटापट केली. दुपारी आमचे साहेब स्वतः काकांना घेऊन आले आणि गिऱ्हाइकाच्या सगळ्या माणसांसमोर त्यांनी विचारलं, "ये केबल कौन बनाया?"

तोवर माझी चूक मला लख्ख कळली होती. वहीतलं ते पान डोळ्यांसमोर उभं होतं. मी म्हणाले, "काका ने."

उत्तर शब्दशः खरं होतं. इतकं नीच उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. केबल त्यांच्या हातात होती आणि खिशात स्क्रूड्रायव्हर. दोन स्क्रू काढायचाच अवकाश होता. "हौ साब, मैं बनाया," ते म्हणाले आणि केबल टेबलावर ठेवली.

साहेबांनी कोठीच्या बाजारात नव्यानेच केबल बनवू लागलेल्या एका दुकानातून दुसरी केबल आणवली. ती लावताच लाइन सुरू झाली, आणि दोष काकांच्या हाताचा होता हे सगळ्यांच्या मते सिद्ध झालं. यापुढे केबल बाहेरूनच घ्यायची, असं साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. कायम करण्याची ऑर्डर निघाली नाही. महिनाअखेरीस काकांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं.

जुनी केबल भंगारात टाकायला माझ्याकडेच आली. मी झाकण उघडलं. माझ्या अक्षरातल्या यादीप्रमाणे एकूण एक तार लागली होती, एकही डाग कच्चा नव्हता. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि झाकण पुन्हा लावलं. साहेबांची केबिन तिथून दहा पावलांवर होती. मी गेले नाही. भीती वाटली, आणि त्याहून जास्त, आपली हुशारी उघडी पडेल याची लाज वाटली.

वर्षभराने एक केबल हवी म्हणून कोठीला गेले, तर त्याच दुकानाच्या पायरीशी टेबल टाकून काका केबल बनवत बसलेले. मला बघून हसले, जेवलात का विचारलं. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि केबलचं बोलले. त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी यादी लिहिली, दोनदा तपासली, त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती सावकाश वाचली आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"बराबर आहे ताई," ते म्हणाले. "आता खाली सही करा."