पायऱ्यांपाशी वीस अंश

एटेल्काला पोहता येत नव्हतं, आणि हार्शी गावात याचं कुणाला नवलही नव्हतं. बालाटन तळ्याच्या आमच्या काठाला पोहायचं तर खोल जागा शोधत जावं लागतं. दोनशे पावलं चाललात तरी पाणी कमरेला लागेल न लागेल. एकतीस वर्षं ही बाई किनाऱ्याच्या तिकीटखिडकीत बसली, पण गुडघ्याच्या वर काही भिजू दिलं नाही तिने.

तिचं खरं काम मात्र तिकिटाचं नव्हतंच. खिडकीशेजारी एक काळा फळा होता. रोज सकाळी सातला एटेल्का धक्क्याच्या टोकापर्यंत जायची, दोरीला बांधलेला तापमापक खोल सोडायची, पाच मिनिटं थांबायची, आणि येऊन खडूने दोन आकडे लिहायची: हवा इतकी, पाणी इतकं. त्या दुसऱ्या आकड्यावर अख्खं गाव जगायचं. पाणी वीसच्या खाली असलं की पाहुणे गाडीतूनच फळा वाचायचे आणि तशीच गाडी वळवायचे. मग काय, बोलणी खायला एटेल्का होतीच.

"काय गं एटा, तापमापक रात्री बर्फात ठेवतेस की काय?"

"तळ्याशी भांडा जाऊन! मी काय चूल पेटवलीय त्याच्याखाली?"

असा सडेतोड कारभार. म्हणूनच ओटोची भिस्त त्या फळ्यावर होती. ओटो म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड, वय एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाने दगा दिला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की एकोणीसच्या खाली पाण्यात उतरायचं नाही, गार पाण्याने एकदम छाती आवळली तर खेळ खलास. बायकोने, वीलमाने, त्याच्याकडून तसं वचनच घेतलं. तेव्हापासून ओटो खिडकीशी यायचा, फळा मोठ्याने वाचायचा, आणि मग एक तर सदरा काढायचा, नाही तर मुकाट घरी जायचा.

त्या वर्षी एप्रिल सगळा पावसात गेला. मेच्या मध्यावर थंडीचे तीन संत यायचे होते: पोंग्रात्स, सेर्वात्स आणि बोनिफात्स. त्यांचे तीन दिवस गारठा घेऊनच येतात, आणि ते सरल्याशिवाय आमच्यातलं कुणी तळ्यात पाय घालत नाही. त्या खेपेला मात्र तिघेही कडकडीत उन्हात आले नि गेले. झालं, गाव हुरळलं. संत फसले म्हणे, उन्हाळा आला म्हणे! अहो, संत फसले म्हणून हिवाळाभर गारठलेलं पाणी तीन दिवसांत तापतं होय? पण हे ऐकतो कोण?

संत गेल्यावरच्या रविवारी सकाळी एटेल्काने फळ्यावर लिहिलं: पाणी चौदा.

अकराच्या सुमाराला गेझा आला, पिठाच्या हातांनीच. गेझा तिचा धाकटा दीर. पाण्यात उतरायच्या पायऱ्यांच्या वर त्याची टपरी, तिथे तो लांगोश, म्हणजे फुगवलेल्या पिठाच्या मोठाल्या पुऱ्या, तळायचा.

"वहिनी, चौदा? इथे उन्हाने टाळकं फुटतंय आणि तुझं आपलं चौदा! पलीकडच्या गावाने एकवीस लावलंय."

"लावू दे. धक्क्याच्या टोकाला चौदाच आहे."

"टोकाला कोण मरायला जातंय? लोक पायऱ्यांपाशी डुंबणार. तिथलं मोज ना!" आणि मग एकदम आवाज उतरवून म्हणाला, "पीठ फुगून पातेल्याबाहेर आलंय गं. महिनाभर माशा मारतोय. आज तरी पोटावर पाय देऊ नकोस."

टोमण्यांना ती कधी बधली नव्हती, पण गेझाचा रडवेला चेहरा तिला बघवेना. भर दुपारी ती पायऱ्या उतरली आणि गुडघाभर पाण्यात तापमापक धरला. पारा वीसच्या वर रेघभर चढला. तापमापक खोटं बोलला नाही हो, खोटी होती ती जागा! हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तिने चौदा पुसलं आणि वीस लिहिलं.

तासाभराने ओटो आला.

"पाणी वीस!" तो ओरडलाच. "शाब्बास एटा, जिवंत केलंस म्हाताऱ्याला!"

"ओटो, थांब जरा..." ती म्हणाली. तेवढ्यात पाहुण्यांचं एक बिऱ्हाड खिडकीशी येऊन थडकलं, पोरं, गाद्या, छत्र्या. त्यांची तिकिटं फाडून तिने मान वर केली, तर ओटो पार पाण्याखालच्या दुसऱ्या वाळूपट्ट्यापर्यंत पोचला होता. त्यापलीकडे खोलगट आहे. तिथे सूर मारायची त्याची तरुणपणापासूनची सवय. वरचं वीतभर पाणी कोमट, पाय किती गार पडलेत याची गड्याला शुद्ध नव्हती. त्याने सूर मारला. डोकं वर आलं, हात काही वर येईनात.

किनाऱ्याचे जीवरक्षक जूनमध्ये येतात. एटेल्काने पाणगवत ओढायचं लांब दाताळं उचललं आणि "गेझा, धाव रे!" म्हणत कपड्यांनिशी पाण्यात शिरली. उथळ पाण्यात धावून बघा कधी, पाय पुढे पडतच नाही. गुडघे, मांड्या, कंबर. पुढे पुढे गारठा वाढत गेला, आणि आपण काय करून बसलो ते तिला तिच्याच पायांनी सांगितलं. पाणी हनुवटीला लागलं तिथे ती थांबली. पुढे तळ नव्हता.

"उताणा हो! ओटो, उताणा हो आणि हे धर!"

तोंड उघडं, डोळे पांढरे. तिसऱ्यांदा दाताळं टाकल्यावर त्याची बोटं दात्यांत अडकली. तिने ओढलं, मागून गेझाने तिला ओढलं.

ओटो वाचला. दुसऱ्या दिवशी एटेल्का शहरातल्या इस्पितळात गेली, तेव्हा तो पांघरुणात पडला होता आणि वीलमा उशाशी बसून त्याची खरडपट्टी काढत होती.

"चर्चला जाताना मी स्वतः चौदा वाचलं होतं. वचन दिलं होतंस ना मला? मग गेलास कसा?"

ओटोने दारातल्या एटेल्काकडे पाहिलं. "चष्मा विसरलो होतो गं," तो पुटपुटला. "फळा वाचलाच नाही काल. चूक माझीच."

किती सोपं होतं गप्प राहणं! दुपारच्या गडबडीत आकडा बदलल्याचं गेझाशिवाय कुणाच्या लक्षातही नव्हतं. एटेल्काने दाराची चौकट घट्ट धरली.

"वाचला त्याने, वीलमा," ती म्हणाली. "मीच चौदा पुसून वीस लिहिलं होतं. पायऱ्यांपाशी मोजून. थांब म्हणाले, पण कारण सांगायला माझं तोंड वेळेवर उघडलं नाही."

ओटोने डोळे मिटून घेतले.

"ठाऊक आहे मला," वीलमा म्हणाली. "तुझा फळा वाचल्याशिवाय हा पाण्याकडे बघतसुद्धा नाही. कालपासून एवढंच बघत होते, तू येऊन सांगतेस की नाही."