शॅम्पेनची चव

आमचे शेजारी काका फ्रेंच बोटीवर बटलर होते. दारूबंदीच्या त्या काळात मालवणात ते ओसरीवर बसून आम्हाला शॅम्पेनची चव सांगत. आधी हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, मग भाजलेल्या पावाचा वास. सांगताना डोळे मिटलेले असायचे.

एकदा माझ्या एका मित्राने गोव्याहून चोरून फ्रेंच वाइन आणली आणि काकांना घरी बोलावलं. काकांनी घोट जिभेवर घोळवला आणि डोळे मिटून म्हणाले, "पिकलेली जांभळां, मगे भिजलेला लाकूड." मित्र खूश झाला.

परतताना काकांनी माझा हात धरला. "माका कायच चव लागाक नाय रे. गेल्या वर्साच्या तापान जीभ मेली."

"काकींना माहीत आहे?"

"रोज आमटी वाढून इचारी, बरी झाली मा? काल ती मीठ घालूक विसारली. मी 'बरी झाली' म्हटलंय, मगे तिना आपल्या आमटीत मीठ घातल्यान तेवा माका कळला. आज तिना इचारल्यानच नाय."