सांगून जायचं असतं, दादा

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत, चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप आला. 'आपले बंधू प्रभाकर साळवे दीर्घ आजारानंतर प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.' मी तो तीनदा वाचला. दीर्घ आजार? कुणाचा? तीनच दिवसांपूर्वी, शनिवारी, प्रभाकरदादा माझ्यासोबत चर्चच्या मागच्या खोलीत होते. आवाज बसलाय म्हणून त्यांनी त्या दिवशी मलाच बायबलमधलं वचन वाचायला लावलं होतं. "थंडीनं झालं व," म्हणाले होते. मी आल्याचा चहा करून दिला, त्यांनी तो अर्धाच घेतला... आणि मला काहीच कळलं नाही.

पुलगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे फौजेतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मुलांसाठी आम्ही दोघं दर शनिवारी तरुण संघ चालवायचो. चौदा वर्षं. कुणाचे वडील केरळचे, कुणाचे झारखंडचे, कुणाचे मिझोरामचे. पंधरा-सोळाव्या वर्षी ही मुलं पाचव्या-सहाव्या शाळेत असतात. जरा मैत्री जमते, तोच वडिलांचं पोस्टिंग येतं. दादांना ते आतून ठाऊक होतं. त्यांचे वडील फौजेत नाईक होते. दादा सातवीत असताना एका सकाळी ट्रकमध्ये सामान चढलं, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राला काही न सांगताच ते गाव सुटलं. कचेरीत कारकुनी करणारा हा साधा माणूस पन्नाशीतही ती सकाळ सांगताना थांबायचा. म्हणून आमच्या संघाचा एकच नियम होता. जायचं तर सांगून जायचं. जो जाणार, त्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी त्याच्याशी बोलायचं, भांडण असेल तर मिटवायचं, रडू आलं तर रडायचं. "आम्हीबी तुमाले न सांगता कुठं जानार नाई," असं दादा दर नव्या मुलाला सांगायचे. 'आम्ही' म्हणायचे, म्हणजे त्या शब्दात मीही होते.

मध्ये एकदा मी हे काम सोडायला निघाले होते. तीन वर्षं जीव लावलेली एक मुलगी आसामला गेली आणि तिचा एक फोन आला नाही. मी दादांना म्हटलं, आपण कुणासाठी करतो हे? ते म्हणाले, "सुनंदा, आपन फलाटावरचा नळ होय. गाडी थांबते तोवर पानी पाजाचं. गाडी पुढं कुठं गेली, तिचं पत्र काऊन नाई आलं, हे नळानं इचाराचं नाई." मी राहिले. त्या एका वाक्यावर पुढची सात वर्षं काढली.

गेल्या पावसाळ्यापासून दादा अधूनमधून गुरुवारी रजा टाकून वर्ध्याला जायचे. एकदा मीही ट्रेनिंगसाठी त्याच एसटीत होते. वर्ध्याला उतरल्यावर ते सेवाग्रामच्या ऑटोकडे वळले. म्हणाले, "दवाखान्यात एका पेशंटले भेटाचं हाये. एकटा असते बिचारा." माझ्या पिशवीत संत्री होती. दोन काढून दिली. "त्याले द्या माझ्याकडून," मी म्हटलं. त्यांनी ती घेतली, खिशात ठेवली, आणि माझ्याकडे पाहून हसलेसुद्धा.

दफनानंतर आठवड्यानं मी वहिनींकडे गेले. सांत्वनाला गेले असं लोकांना वाटलं असेल. मी विचारायला गेले होते. वहिनींनी लपवलं नाही. आजार जुलैतच कळला होता. त्यांना ठाऊक होतं, चर्चच्या पाळकसाहेबांना ठाऊक होतं. बाकी कुणालाच नाही.

"मले शपथ घातली होती त्यायनं," वहिनी म्हणाल्या. "संघातली चार पोरं दहावीले हायेत, त्यायची परीक्षा होऊ दे, मंग सांगतो म्हने. मार्चपर्यंत निभून जाईन असं वाटलं होतं त्यायले."

"अन् मी, वहिनी? मी कोणत्या दहावीले होती?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "तुमची संत्री त्यायनंच खाल्ली. त्या दिवशी दुसरं काई पोटात ठरत नव्हतं."

मला वाटलं होतं, हे ऐकून राग उतरेल. उलट चढला. चौदा वर्षं मी माझ्या घरातलं सगळं या माणसाला सांगितलं. नवऱ्याचं पिणं सांगितलं, जे माझ्या आईलाही माहीत नाही. आणि त्यानं मला एक गुरुवार सांगितला नाही. मी दवाखान्यात शेजारी बसले असते, एवढंच. तेवढ्याही लायकीची मी नव्हते?

पण शनिवार आला आणि खोली उघडावीच लागली. अकरा मुलं आली. मी प्रार्थना सुरू केली, मग थांबले आणि जे कळलं होतं ते सगळं सांगितलं. जुलैपासूनचं, परीक्षेचं. झारखंडची एंजेला दहावीतली, तिचे वडील सध्या सरहद्दीवर आहेत. ती म्हणाली, "पापा भी फोन पे झूठ बोलते हैं, मॅडम. सब ठीक है, बोलते हैं. उनका तो हमको पता है. पर सर तो पापा नहीं थे ना. सर ने रूल बनाया था."

मी दादांची बाजू घ्यायला हवी होती. तुमच्यासाठीच केलं त्यांनी, असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. "मुझे भी बहुत गुस्सा आया है," एवढंच म्हटलं. मग आम्ही बराच वेळ रडलो.

संघ सुटल्यावर दादा फाटकाशी उभे राहायचे, शेवटची सायकल कॅम्पाच्या वळणाआड जाईपर्यंत. त्या दिवशी तिथं कुणी नव्हतं. मुलं निघाली, आणि कुणीतरी उभं राहायला पाहिजे म्हणून मी गेले. रागातच गेले. एंजेला वळणापाशी पोचली आणि सायकल फिरवून परत आली.

"मॅडम, आपको कुछ हुआ तो बताओगे?"

"बताऊँगी."

"प्रॉमिस?"

तो शब्द माझ्या तोंडून निघेना. असा शब्द तिला आधी एकानं दिला होता. मी म्हटलं, "प्रॉमिस रहने दे. तू हर शनिवार पूछ."

तेव्हापासून ती दर शनिवारी फाटकाशी विचारते, आणि मला खरं उत्तर द्यावं लागतं. एकदा गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. एकदा घरी भांडण झालं म्हणून सांगितलं. तिची परीक्षा संपल्यावरच्या शनिवारी तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ठीक नहीं हूँ. सर की याद आ रही है, और गुस्सा अभी गया नहीं."

तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बाकीच्या सायकली वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो.