आसेगावपर्यंत ब्राऊन, धनजपर्यंत काळा

पार्लरच्या खुर्चीत बाई बसली की तिचे दोन्ही हात कापडाखाली जातात. ब्रश चालू असतो म्हणून मान हलवायची नाही. डायचा वास झोंबतो म्हणून डोळे मिटलेले. मोकळं राहतं फक्त तोंड! त्यामुळे किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. ते बसल्या जागी डोक्यावरून उतरतात आणि कापलेल्या केसांसारखे कोपऱ्यात साचतात. केस आम्ही रोज झाडून टाकायचो. बाकीचं राहिलं.

हे सगळे एकाच हिवाळ्यातले आहेत. इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून मी अमरावतीहून घरी आले होते. का टाकलं ते विचारू नका. आजवर विचारणाऱ्यांपैकी एकानंही उत्तर संपेपर्यंत ऐकलेलं नाही. आमचं घर आसेगावला, बाबा तिथल्याच शाळेत मास्तर. मी मात्र रोज जीपनं शेलूबाजारला जायला लागले. स्टँडसमोर तीन पायऱ्या चढून एक खोली, ते नसीम बाजीचं पार्लर. बाजी म्हणजे ताई. तिथे कामाला.

“माझ्या बापानं लोकायच्या वावरात सालदारी करून मले मास्तर केलं,” बाबा म्हणाले, “अन् तू लोकायचे केस धुऊन राह्यली?”

“तुमी डोक्याच्या आतलं पाहता, मी वरचं पाहते. खानदानी धंदाच हाये.”

यावर त्यांनी निकाल दिला. हे नाटक मार्चपर्यंत. मार्च संपला की एक तर कॉलेजचा फॉर्म, नाही तर पोरगा पाहायचा. तोवर ते पार्लरच्या रस्त्यानं पाऊलही टाकणार नाहीत. आणि गावात सांगून मोकळे झाले की पोरगी कॉम्प्युटर कोर्स करते! ‘नेहमी खरे बोलावे’ हे वीस-पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिणारा माणूस.

थोडक्यात, माझ्याकडे एक हिवाळा होता.

*

पहिल्याच आठवड्यात एक काकू आल्या. लेकाचं लग्न दोन दिवसांवर. बाजीची पद्धत अशी की कुणीही आलं तरी आधी त्याला पायरीवर, उन्हात बसवायचं. ट्यूबलाइटमध्ये केस खोटं बोलतात, असं तिचं म्हणणं. तिनं काकूंचे केस उन्हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, “काकू, तुमाले कॉफी कलर घालू. पुढच्या दोन पांढऱ्या बटा राहू द्या. झकास दिसते.”

“पांढरंच ठेवाचं तर तुह्याकडे कायले आली वं मी? काळा म्हणजे काळा कर. पाटीसारखा!”

आपल्याकडच्या मोठ्या माणसांना रंग लागत नाही, पुरावा लागतो. बाजीनं केला पाटीसारखा. काकू खूश होऊन गेल्या. बाजी ब्रश धूत म्हणाली, “याले कलर नाही म्हणत. ही छपाई हाये.”

लग्नाच्या दिवशी कडाक्याची थंडी. निम्मा मांडव मफलरांत. फोटोग्राफरनं सगळ्यांना ओळीत उभं केलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि थांबला.

“काकू, फोटोपुरती कानटोपी काढून घ्या ना.”

*

बाजी मला इंजिनियर म्हणायची. पहिल्या दिवशी टोमणा होता, नंतर नाव झालं.

एकदा दुपारी ती मोबाइलवर परदेशातल्या हिवाळ्याच्या केसांचा व्हिडिओ बघत होती. एकेक बाई येते, केस झटकते, केस काळेच, पण आत काहीतरी हलल्यासारखं दिसतं. बोलणारी बाई सारखी एकच शब्द म्हणत होती.

“इंजिनियर, हे डायमेन्शन काय राह्यते?”

“लांबी, रुंदी, खोली.”

बाजीनं जरा विचार केला. “लांबी अल्लानं देल्ली. रुंदी तेलानं येते. राह्यली खोली. ते आपून घालू.”

त्याच दुपारी प्रयोग झाला, माझ्या डोक्यावर. तीन वाट्या. एकीत काळा, एकीत कॉफी, एकीत वाइनचा अगदी काळपट लाल. फॉइल म्हणजे तिच्या घरचा पोळ्या गुंडाळायचा. धुतल्यावर आरशात पाहिलं तर काहीच नाही, आधी होते तसेच काळे! मी तोंड वाकडं केलं. बाजीनं दंडाला धरून मला पायरीवर नेलं, मान खाली वाकवली आणि आरसा दिला.

उन्हात पहिल्यांदा दिसलं. वरून काळा, त्याच्याखाली कपाशीच्या वाळलेल्या बोंडासारखा तपकिरी, आणि अगदी आत जांभळाच्या रसासारखा.

“तीन काळे हाये,” बाजी म्हणाली. “लांबून एक. उन्हात तीन. उन्हातच येत नाही त्याले एकच दिसन. आपून काय करावं?”

कॉलेजात दीड वर्ष डायमेन्शन शिकले. समजलं त्या पायरीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बाबांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. चहाचा कप खाली ठेवला.

“गंजलं काय वं ते?”

*

थंडीत डाय हळू धरतो. त्यामुळे रंग लावून झाला की बाजी डोक्यावर किराण्याची पिशवी चढवायची आणि बाईला पायरीवर उन्हाला बसवायची. बाजाराच्या दिवशी एकावेळी सात-सात बाया! डोक्यावर पिशव्या, मांडीवर तुरीच्या उकडलेल्या शेंगा, टरफलं समोर. मी आत-बाहेर धावत असायची. त्या दिवशी माझा डबा संध्याकाळी उघडायचा. घरी हे मी कधी सांगितलं नाही.

समोर जीपवाले ओरडत असायचे. अशाच एका बाजाराच्या दिवशी “धनज! धनज! एक सीट!” ऐकून आमच्या ओळीतली एक बाई तटकन उठली. घरी पाहुणे यायचे होते, नंतरची जीप कधी भरेल त्याचा भरवसा नव्हता. डोक्यावरच्या पिशवीवरून पदर घेतला आणि बसली! बाजी ब्रश घेऊन पायऱ्या उतरेपर्यंत जीप फाट्याला लागलेली.

मग फोन. “बाजी, कारंजा आलं. धुऊ काय?”

“कुठी धुतं? बस गपचूप!”

“मांगचा बुडा म्हणून राह्यला, फटफटीचा वास येऊन राह्यला.”

“सांग त्याले, तुह्याच डोक्यातून येऊन राह्यला!”

धनजला पोचून तिनं डोकं धुतलं. आणि असा रंग आला होता, असा रंग आला होता की पुढच्या बाजाराला तिच्या तीन शेजारणी आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं, “आमाले धनजपर्यंतचा घाल.”

तेव्हापासून भिंतीवरचं घड्याळ नुसतं टांगलेलं राहिलं. बाजीचा हिशेब ठरला. जवळच्या आसेगावपर्यंत ठेवला तर ब्राऊन, लांबच्या धनजपर्यंत ठेवला तर काळा.

*

डिसेंबरात एक नवरी आली. तिला वाइन कलरच्या बटा हव्या होत्या. सोबत होणारी सासू, पहारेकरी म्हणून.

“आमच्या घरात रंगवलेले केस चालत नाही,” सासूबाईंनी दारातच जाहीर केलं.

सासूबाईंचं स्वतःचं डोकं मेंदीनं इतकं नारिंगी झालं होतं की खोलीत उजेड पडला होता!

बाजी अदबीनं म्हणाली, “बरोबर हाये खाला. तुमचे तर पैदाइशी दिसते.”

पोरीचे डोळे भरून आले होते. बाजीनं सासूबाईंना उन्हात पायरीवर बसवलं, हातात शेंगा दिल्या, आणि आत आम्ही पोरीच्या वरच्या केसांना हातही न लावता खालच्या थरात वाइन घातला. केस सोडले तर काळे. मानेवरून उचलले तर लाल. सासूबाईंनी येऊन तपासलं, समाधानानं मान हलवली.

महिनाभरानं सासूबाई एकट्याच आल्या. खुर्चीत बसल्या, दाराकडे पाहिलं, आवाज खाली घेतला.

“मलेबी खालून.”

*

आता घरचं सांगते. ते सांगायला मला काही लाज नाही.

बाबा बरीच वर्षं पाकिटातला डाय लावायचे. दर दुसऱ्या रविवारी, काळा कुळकुळीत. पुढचं ते स्वतः करायचे, मागचं आई. माझ्यावरून जे भांडण झालं त्यात आई एक शब्द बोलली नव्हती. पुढच्या रविवारी बाबांनी वाटी पुढे केली, तेव्हा बोलली.

“केसाचं काम हलकं हाये ना? मंग मी कायले करू? तुमचं तुमी करा.”

आरशात दिसतं तेवढं बाबांनी केलं. मागे हात पोचत नव्हता आणि कुणाला सांगायला तोंड नव्हतं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. पुढून छपाई, मागून पांढराफटक. सर फळ्याकडे वळले की म्हातारे, वर्गाकडे वळले की जवान! अख्ख्या गावाला दिसत होतं. एकानंही त्यांना सांगितलं नाही, कारण आपल्याकडे मास्तरांना चूक दाखवायची पद्धत नाही. मास्तरच मग आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाखवत बसतात.

मीही सांगितलं नाही. मला मजा येत होती. खरं तेच लिहिते.

जानेवारीअखेर बाबा रिटायर होणार होते. शाळेत निरोप समारंभ ठरला, दुपारी. त्या दिवशी सकाळी मी पार्लर उघडायला पोचले तर पायरीवर एक माणूस बसलेला. मफलर मानेपासून टाळूपर्यंत गुंडाळलेला. माझ्या आधीच्या जीपनं आला असणार.

“बाजी आहेत काय?” माझ्याकडे न बघता बाबांनी विचारलं.

“दहाले येते.”

“टाइम नाही.”

समोर “आसेगाव! आसेगाव!” चालू होतं. बाबा तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आज हार घालाले वाकावं लागन. मांगून सगळ्यायले दिसन.” मफलराचं टोक चाचपलं. “तुले जमते काय?”

तीन महिने मी या प्रश्नाची उत्तरं पाठ करून ठेवली होती. एकाहून एक तिखट. ती तशीच ठेवून मी म्हटलं, “मफलर काढा. उन्हातच हाये तुमी.”

मागची मान बघितली. लहानपणी सायकलवर डबल सीट बसून हीच मान बघत शाळेत जायची मी. तेव्हा ती काळी होती, कुणी न रंगवता.

“बाबा, पुढची ही छपाई हाये.”

हात कापडाखाली, डोकं माझ्या हातात, तोंड मोकळं, तरी बोलले नाहीत. “तीन काळे घालते, उन्हात दिसन,” म्हणत मागे मी तीनही वाट्या वापरल्या, थोडे पांढरे मुद्दाम सोडले, पुढची पाटी कात्रीनं हलकी केली. दोन्ही कानशिलांवर मुळातून निघालेल्या पांढऱ्याला हात लावला नाही. पिशवी चढवली, वरून मफलर बांधला.

“आसेगावपर्यंत ठेवा. उतरले की धुवा.”

मान हलवली आणि जीपमध्ये जाऊन बसले. मार्चबद्दल काही नाही.

*

त्या पायऱ्या आता नाहीत. रस्ता रुंद झाला तेव्हा गेल्या. थंडीत रंग धरायला मशीन मिळतं म्हणतात. मिळत असेल. मशीनसमोर बसून शेंगा खाता येतात का, ते मला माहीत नाही.

पण निरोप समारंभाच्या त्या दुपारचं राहिलं. आईनं मला पार्लरमधून बोलावून, ओढून शाळेत नेलं होतं. मी मंडपाच्या मागच्या खांबाजवळ उभी. बाबा हारासाठी वाकले, सरळ झाले, भाषण झालं, शाल-श्रीफळ झालं. चहाच्या वेळी मुख्याध्यापक त्यांच्याजवळ आले. त्यांचं डोकं म्हणजे बुटाचं पॉलिश.

“सर, दहा वर्षांनी लहान झाले तुमी. पाकीट कोणतं वापरता?”

बाबांनी कप खाली ठेवला. मुख्याध्यापकांच्या दंडाला धरलं, मंडपातून बाहेर उन्हात नेलं आणि सगळ्या स्टाफसमोर आपली मान खाली वाकवली.

“पाहा नीट. पाकीट नाही. तीन काळे हाये.”

“कुठी केले?”

“शेलूबाजारले, जीप स्टँडसमोर. माझी पोरगी करते.”

“पण ते तर कॉम्प्युटर कोर्स...”

“केस करते,” बाबा सरळ होत म्हणाले. “तुमी बी जा. तुमची ही छपाई हाये. फक्त बाजाराच्या दिवशी जाऊ नका. सात-सात बाया पायरीवर पिशव्या घालून बसून राह्यतात, पोरीचा डबा संध्याकाळपर्यंत उघडत नाही.”