काळ्या चादरीखाली तपासणी

वीस वर्षं डॅशबोर्डखाली डोकं खुपसून वायरिंगवाल्याची मान आखडली होती, कंबर तर केव्हाच कामातून गेली होती. हल्ली ज्याला त्याला गाडीत पायांशी निळे दिवे हवे असत. जसे काही पायच हरवणार होते!

दिवसाउजेडी तो प्रकाश दिसत नाही, म्हणून काम झालं की तो गाडीवर काळी चादर टाकायचा आणि "दहा मिनिटं तपासतो," म्हणत आत शिरायचा. खरं तर अर्धं मिनिट पुरे. उरलेला वेळ तो सीट मागे टाकून नुसता पडून राहायचा. गिऱ्हाइकं खूश, इतकं बारकाईनं कोण बघतं!

आज लेकीच्या हट्टापायी एक टॅक्सीवाला दिवे बसवायला आला होता. त्याच्या गाडीत वायरिंगवाल्याचा डोळाच लागला. तासाभरानं टॅक्सीवाल्यानं चादर उचलून दार उघडलं. तो दचकून उठला.

"एक वायर सैल होती," तो पुटपुटला.

"दिवे तर बंदच आहेत," टॅक्सीवाला म्हणाला.

वायरिंगवाला ओशाळून खाली उतरला. टॅक्सीवाला त्याच्या जागी बसला, चपला काढल्या आणि म्हणाला, "चादर नीट टाका. पहाटेपासून गाडी चालवतोय. आता मी तपासतो."