फुकटचा अंदाज

भीमराजचं डोकं लवकर तापे, आणि ते थंड होऊ द्यायचं नाही असा बोरी अरबच्या लोकांनी जणू ठरावच केला होता. नागपूरच्या गिरणीत काही वर्षं काढून तो गावी परतला, तेव्हा ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळालेला होता. रेडिओ गावाचा, पण ठेवलेला पंजाबरावच्या दुकानात. का, तर चावडीचं छप्पर गळतं आणि बॅटरीचा खर्च पंजाबराव करतो. गावानं खुशीनं हात वर करून ही व्यवस्था मान्य केली होती.

पंजाबराव दोर, पत्रे, ताडपत्र्या विकायचा. ताडपत्र्या भाड्यानंही द्यायचा. संध्याकाळी नागपूर केंद्र लागलं की दुकानासमोर गर्दी जमे. गाणी होत, भजनं होत. हवामानाचा अंदाज सुरू व्हायच्या बेताला पंजाबराव म्हणे, "बॅटरी उतरून राह्यली." रेडिओ उचलून आत नेई आणि बारीक आवाजात एकटा ऐके. पाऊस सांगितला असला, की दुसऱ्या दिवशी ताडपत्रीचं भाडं चढलेलं. मग हाच शहाणा आभाळाकडे बघत गंभीरपणे सांगे, "पाणी येते लेकहो. ज्याले न्यायची त्यानं आजच ताडपत्री न्या." आणि पाऊस येई! लोक थक्क. "काय नजर हाय पंजाबभाऊची!"

भीमराज कपाळावर हात मारून घेई. "अरे, तो आपल्याच रेडिओवर आयकते आन् आपल्यालेच इकते! सरकार फुकट सांगून राह्यलं बाप्पा!"

"नागपूरचं पाणी लागलं याले," असं म्हणून लोक हसत आणि ताडपत्री आणायला जात.

एरवी त्यानं सोडूनही दिलं असतं. पण त्या वर्षी त्याचा जीव विटांत अडकला होता. त्याच्या वस्तीनं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, तेव्हापासून सगळ्यांना आपलं विहार हवं होतं. विकतच्या विटा परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून बायामाणसांनी दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबून, रोज संध्याकाळी नदीकाठी बसून स्वतः विटा थापल्या होत्या. अख्ख्या विहाराच्या विटा. त्या कच्च्या होत्या, उन्हात पसरलेल्या होत्या आणि भट्टी लागायला अजून आठवडा होता. तेवढ्यात एखादी जोरदार सर आली असती, तर सगळ्यांची मेहनत चिखलात जाणार होती.

म्हणून भीमराज भांडला. पंचायतीच्या सभेत भांडला, सरपंचाच्या दारात ठाण मांडून बसला, दारव्ह्याच्या कचेरीत चकरा मारून त्यानं चपला झिजवल्या. चावडीचं छप्पर स्वतः शाकारलं, बॅटरीसाठी घरोघर पैसे मागितले. शेवटी रेडिओ चावडीत आला. तो देताना पंजाबरावचं तोंड कडू झालेलं सगळ्यांना दिसलं.

दुसऱ्याच संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, उद्या विदर्भात काही ठिकाणी वादळी पाऊस, गारांची शक्यता. भीमराज धावतच वस्तीत आला. वस्तीत बळीरामबाबा सगळ्यांत म्हातारे. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

"बाबा, नागपूरहून सांगतलं, उद्या गारा पडतीन. साऱ्यायले उठवा. विटा रचू, पऱ्हाट्या अन् कडबा टाकून झाकू."

"पंजाबभाऊ काय म्हंते?" बाबांनी शांतपणे विचारलं.

"तो काय म्हनन? त्याच्यापाशी आता रेडिओ हाय कुठी?"

"त्याले रेडिओ कायले पाह्यजे? त्याचा अंदाज कधी चुकला काय?"

भीमराजला वाटलं, आपलंच डोकं भिंतीवर आपटावं. तरी माणसं पंजाबरावला विचारायला गेलीच. तो आधीच फुगून बसलेला. आभाळाकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "त्या डबड्याचं काय आयकता? पाणीगिणी काही नाई." आणि ताडपत्रीचं भाडंही चढलं नव्हतं. वस्तीला एवढा पुरावा पुरला.

"चाला, मी येतो," भीमराजची बायको कांताबाई त्याला म्हणाली. दिसेनासं होईपर्यंत दोघं विटा रचत राहिले. विटांचा एवढा मोठा पसारा. दोन माणसं झाकणार किती? एक कोपरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गारा पडल्या. पाऊस थांबल्यावर सगळी वस्ती नदीकाठी जमली. झाकलेला कोपरा तेवढा शाबूत होता, बाकी विटांचा पुन्हा चिखल झाला होता. बाया रडत होत्या. भीमराजही रडला, सगळ्यांसमोर, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. निदान आता तरी यांचे डोळे उघडतील, असं मात्र त्याला वाटत होतं.

बळीरामबाबांनी चिखलात हात घालून पाहिला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. ते मायेनंच बोलले.

"भीमराज, रेडिओ पंजाबभाऊकडेच राहू द्याले पाह्यजे होता बाप्पा. त्याच्याकडं होता तवा बराबर सांगे."

सगळ्यांनी माना हलवल्या.

त्याच संध्याकाळी गावानं रेडिओ परत दुकानात नेला. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती, म्हणून पंजाबरावनं रेडिओवर टाकायला ताडपत्री दिली, आणि तिचं भाडं घेतलं नाही. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं गाव पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होतं.